छप्परही हक्काचे, शिवारही हक्काचे

झाडाखाली भरलेला वर्ग आज महाराष्ट्रात दोन ठिकाणी पाहायला मिळतो. एक खेड्यातील शाळेच्या आवारात. तेथे खोली गळते, भिंतीला तडा गेलेला असतो, नव्या खोलीचा प्रस्ताव वरच्या कचेरीत पडून असतो आणि म्हणून गुरुजी दोन इयत्ता लिंबाच्या सावलीत एकत्र बसवतात. दुसरा वर्ग शहराच्या कडेला, भरमसाट फी घेणाऱ्या शाळेत. तेथे शेताचा एक तुकडा मुद्दाम राखलेला असतो, मुले मातीत हात घालतात, आणि शाळेच्या माहितीपत्रकात त्याचे रंगीत छायाचित्र छापले जाते. झाड तेच, सावली तीच; पण एका जागी ती दैन्याची खूण ठरते आणि दुसऱ्या जागी वैभवाची. शिक्षणातील वर्गभेद इतका उघडावाघडा क्वचितच दिसतो.

प्राथमिक शाळेतील मुलांना शिवारात नेऊन शिकवावे की नाही, हा प्रश्न वरकरणी शिक्षकांच्या चर्चासत्रापुरता वाटतो. चळवळीतील कार्यकर्त्याने त्यात लक्ष का घालावे, असेही कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न श्रमिकांच्या मुलांचा आहे आणि म्हणून आपला आहे. प्रत्येक मुलाला पक्के, कोरडे, उजेडाचे छप्पर मिळाले पाहिजे. आणि त्याच मुलाला दर आठवड्याला काही तास उघड्यावर बसून गणित, भूगोल, विज्ञान आणि भाषा शिकण्याची संधीही मिळाली पाहिजे. या दोन मागण्या एकत्र मांडायच्या आहेत. केवळ खोल्या मागितल्या, तर खोलीत बसून आपल्याच गावाला परके होणारे शिक्षण पदरी पडते. केवळ शिवार मागितले, तर खोली न देण्याचे निमित्त सरकारच्या हाती आयते मिळते.

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी हे गाव आहे. त्याचेच उदाहरण घेऊ, कारण तेथे जे शिकवता येईल ते मराठवाड्यातील बहुतेक गावांत शिकवता येईल. सभोवती काळी जमीन, कापूस, तूर आणि सोयाबीन. या शिवाराला शाळेचे फळे मानले, तर त्यावर काय काय लिहिता येईल?

प्रथम गणित पाहू. गुंठा हा शब्द गावात रोज कानावर पडतो. पण गुंठा म्हणजे डोळ्यांना दिसेल असे काय, हे पाचवीच्या मुलाला पुस्तकातून उमगत नाही. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सुताची एक दोरी घेऊन तिला फुटाफुटावर गाठी मारा आणि चार मुलांना चार कोपऱ्यांवर उभे करा. १,०८९ चौरस फूट त्यांच्यामध्ये जमिनीवर उतरतात. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे तपासायला गावातील गवंड्याची युक्ती पुरे: एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजले आणि त्या दोन टोकांमधले तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले, की काटकोन झाला. माध्यमिक शाळेत जो सिद्धांत घोकून पाठ करावा लागतो, तो येथे दोरीने हाताला कळतो. मग सातबाऱ्याचा उतारा आणावा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा भरतो १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. एवढे ज्या मुलाला कळले, त्याच्या बापाला उताऱ्यावरचा आकडा समजून घेण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. आणि ज्या मुलाच्या घरी सातबाराच नाही, त्याच्याही हाती दोरीचे एक टोक असतेच. दोरी गुंडाळताना तो जो प्रश्न विचारील, तेथून समाजशास्त्राचा पहिला पाठ सुरू होतो. त्या प्रश्नाला भ्यावे असे आम्हाला वाटत नाही.

पाण्याचा हिशेबही असाच. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवला की पर्जन्यमापक तयार. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला तर ते पाणी एक लिटर भरते. या एका वाक्यावर चौथीच्या मुलांना महिनाभर गणिते घालता येतील. २५ मिलिमीटरचा पाऊस एका गुंठ्यावर सुमारे अडीच हजार लिटर पाणी टाकतो आणि एका एकरावर सुमारे एक लाख लिटर. ही संख्या मुलांनी स्वतः काढली, म्हणजे पुढचा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो: मग उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची वेळ का येते? २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ मराठवाड्याने सोसले. दुष्काळ म्हणजे दैवाचा कोप, ही समजूत घेऊन मोठी होणारी पिढी आणि पडलेल्या पाण्याचा लिटरमध्ये हिशेब मागणारी पिढी, यांत राजकीयदृष्ट्या जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

भूगोलासाठी जमिनीत एक सरळ काठी रोवावी. तिची सावली दर दहा मिनिटांनी खडूने किंवा खड्याने खुणावत गेले, तर सावली सर्वांत आखूड होते तेव्हा घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. असे का? कारण आपल्या देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि मराठवाडा त्याच्या पश्चिमेला आहे. सूर्य आपल्या माथ्याशी उशिरा पोचतो. रेखावृत्त ही नकाशावरची निर्जीव रेघ नव्हे, ती काठीच्या सावलीत भेटते, हे मूल एकदा पाहील तर विसरणार नाही. परतूर तालुक्यातून वाहणारी दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. शिवारातला ओहोळ दाखवून तेथपर्यंतची वाट मुलांना सांगता येते. पायाखालची काळी माती तर लाव्हारसातून झालेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. उन्हाळ्यात त्या मातीला पडलेल्या भेगेत काडी घालून खोली मोजावी, पावसाळ्यात तीच भेग का मिटली ते विचारावे. विज्ञानाची प्रयोगशाळा याहून वेगळी काय असते?

इतिहासासाठी पारावर बसलेल्या वृद्धेला गुरू करावे. ऐंशी वर्षांपूर्वी या भागात जन्मलेली बाई निजामाच्या राज्यात जन्मली. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ ला जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्यात आला. म्हणजे गावाची वेस न ओलांडता तिने राज्येही बदललेली पाहिली आणि जिल्हाही. घरातल्या जुन्या कागदांवर कोणता जिल्हा लिहिला आहे, हे शोधून आणायला मुलांना सांगितले तर इतिहास घराघरातून शाळेत येईल.

भाषेचे तर विचारूच नये. धुरा, पांद, सरी, वाफसा हे शब्द ज्या मुलाच्या जिभेवर आहेत, ते मूल वर्गात मात्र 'अशुद्ध' बोलते म्हणून गप्प बसते. वाफसा या एका शब्दाचा अर्थ प्रमाण भाषेत सांगायला अख्खे वाक्य लागते: पावसानंतर जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, पेरणीला नेमकी योग्य आहे, अशी तिची अवस्था. शिवारात गेल्यावर हा अर्थ मूल सांगते आणि गुरुजी वहीत लिहून घेतात. ज्ञान फळ्याकडून बाकाकडेच वाहते, हा समज तेथे मोडतो. जे घर पिढ्यान्‌पिढ्या राबले त्याच्याकडेही ज्ञान आहे, हे शाळेने मान्य करणे ही साधी गोष्ट नाही. आमच्या दृष्टीने उघड्यावरच्या वर्गाचे खरे मोल येथे आहे.

हा विचार कोण्या परदेशी तज्ज्ञाकडून उसना आणण्याची आपल्याला गरज नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या मागणीबरोबरच खेड्यातील शिक्षण व्यवहारोपयोगी असावे, त्यात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे आणि प्रत्यक्ष शिकण्यासाठी शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असे सुचवले होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून नयी तालीम पुढे आली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. आणि याच महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या आदिवासी पट्ट्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो विचार लहानग्यांपर्यंत नेला. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे राखावी लागत. मुले आळशी आहेत, पालक अडाणी आहेत, असा निवाडा देऊन या दोघी मोकळ्या झाल्या नाहीत. मुले कुरणात आहेत तर शाळाच कुरणात नेली, आणि तिला नाव दिले कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पाने, शिंपले आले. पाड्यावरच्या अंगणात भरलेली बालवाडी म्हणजे अंगणवाडी. १९७५ साली एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि हा शब्द खेडोपाडी पोचला. शब्द सर्वत्र गेला; त्यामागची दृष्टी मात्र मागेच राहिली.

येथे एक कटू आठवण बाजूला सारून चालणार नाही. 'बाहेर बसणे' या शब्दांना आपल्या समाजात एक जखम आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कित्येक पिढ्यांतील मुले व्हरांड्यात, उंबऱ्याबाहेर बसून शिकली. तेव्हा वर्ग उघड्यावर न्यायचा तो सगळ्यांचा, एकाच गोलात. आणि परत यायचे तेही सगळ्यांनी, एकाच छपराखाली. पाण्याची घागर एक, दोरी एक, बसण्याचा गोल एक. एकाही मुलाला जागा नाही म्हणून बाहेर राहावे लागत असेल, तर तो उघड्यावरचा वर्ग नव्हे; ते बहिष्करण होय, मग त्याला कितीही गोंडस नाव द्या.

पालकांचा आक्षेपही प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. 'लेकराला रानातच न्यायचं तर शाळेत कशाला घातलं?' असे दिवसभर कापूस वेचणारी आई विचारते, तेव्हा तिला निसर्गशिक्षणाची महती सांगत बसणे हा उर्मटपणा होईल. रान तिच्यासाठी घाम आहे, कर्ज आहे. लेकराने त्यातून सुटावे म्हणून तिने त्याला शाळेत घातले आहे. नयी तालीमवरही हाच आक्षेप आला होता: मुलांच्या हातच्या वस्तू विकून शिक्षकाचा पगार भागवण्याचा विचार शाळेचा कारखाना करील, अशी भीती तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली आणि ती निराधार नव्हती. म्हणून रेषा स्पष्ट आखली पाहिजे. शिवारातल्या वर्गात मुलाने मोजायचे, पाहायचे, विचारायचे, लिहायचे, राबायचे नाही. मुलांकडून कोणाच्या शेतातील तण काढून घेणे किंवा शाळेचे आवार झाडून घेणे याला अभ्यास म्हणता येणार नाही. त्या आईला आपण एवढेच सांगू शकतो, की तुझे लेकरू रानात जाईल ते मजूर म्हणून नव्हे. आणि परत येईल तेव्हा त्याला भागाकार येत असेल. हे वचन पाळता येत नसेल तर वर्ग बाहेर नेऊ नये.

आता सरकारविषयी. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण आणि कुंपण या गोष्टी लिहिलेल्या आहेत. ही कृपा नव्हे, कायदा आहे. पण त्याच काळात उलटा प्रवाहही वाहतो आहे. वीसहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ साली राज्य सरकारने पुढे आणला. अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात सांगितली गेली. वस्तीवरची शाळा गेली म्हणजे लहान मुलाच्या पायाखालचे शिवारच गेले. त्याच्या वाट्याला उरतो तो गाडीचा प्रवास, आणि गाडी नसेल तेथे मुलीची शाळा सुटणे. एकीकडे २०२० चे राष्ट्रीय धोरण सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना बाहेर न्या म्हणते आणि दुसरीकडे ज्या शाळेच्या दारातच शिवार आहे ती शाळा बंद करण्याची भाषा होते. या विसंगतीवर बोट ठेवणे आपले काम आहे.

शिक्षकाला वर्ग बाहेर न्यायला वेळ कोठे आहे, हाही प्रश्न खराच. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते. प्रत्यक्षात त्याच्या मागे माहिती भरण्याचे आणि अहवाल पाठवण्याचे शुक्लकाष्ठ लागलेले असते. एकाच गुरुजीकडे दोन-तीन इयत्ता असतील, तर एक बाहेर नेली तेव्हा दुसरीकडे कोणी पाहावे? म्हणून रिक्त जागा भरण्याची मागणी ही शिवारातल्या वर्गाचीच मागणी आहे.

२०२० साली महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा राज्यातील कितीतरी शिक्षकांनी ओट्यावर, देवळाच्या मंडपात, झाडाखाली मुलांना गोळा केले. ज्या घरात मोबाइल नव्हता त्या घरातील मुलांची अक्षरओळख टिकली असेल तर ती बरीचशी अशा गुरुजी-बाईंमुळे. शाळा उघडल्या आणि सारे पुन्हा भिंतींच्या आत गेले. संकटात जे सुचले ते नेहमीसाठी का असू नये, हा विचार झाला नाही.

म्हणून काही नेमक्या मागण्या मांडतो. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. त्यातील दहावा हिस्सा, म्हणजे ८० तास, आठवड्याला साधारण अडीच तास, उघड्यावर द्यावा. मराठवाड्याचे ऊन ध्यानात घेऊन फाल्गुनानंतर हा वर्ग सकाळच्या पहिल्या प्रहरीच घ्यावा. सावली, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असल्याखेरीज घेऊ नये. साधनांत दोरी, डबा, काठी, काचेची बाटली आणि वही एवढेच लागते. त्यासाठी कोणत्याही कंपनीचा संच विकत घेण्याचे कारण नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले परत येतात तेव्हा त्यांना मागे पडलेली म्हणून कोपऱ्यात न बसवता, ती ज्या वाटेने गेली त्या वाटेचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. गावच्या गायरानातील एक तुकडा ग्रामसभेच्या ठरावाने शाळेसाठी राखावा. मात्र तेथे एखादे भूमिहीन कुटुंब कसत असेल तर त्याला उठवून नव्हे.

हे कोणी करायचे? प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. बऱ्याच गावांत ही समिती सहीपुरती उरली आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी पुढाऱ्यांच्या सभांना जेवढ्या सतरंज्या उचलल्या, त्याच्या निम्मा वेळ जरी या समितीच्या बैठकीला दिला असता, तर गळक्या खोल्यांची यादी आज पंचायत समितीच्या टेबलावर असती. आष्टीत असो वा आणखी कोठे, येत्या बैठकीत दोन ठराव एकाच कागदावर लिहून घ्यावेत: पहिला खोल्यांचा, दुसरा शिवारातल्या तासांचा. दोहोंखाली सह्या त्याच असाव्यात.

मग झाडाखाली बसलेला वर्ग पाहून कोणाला कीव येणार नाही आणि हेवाही वाटणार नाही. पाऊस आला तर मुले उठून आपल्या खोलीत जातील, आणि डब्यात किती मिलिमीटर साठला ते पाहायला पाऊस थांबताच पुन्हा बाहेर येतील.